शॉकअप चार, पर्याय तीन आणि मेव्हण्यांचा चौथा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या एका वाचकाचं पत्र आलंय. गाडी 2014 ची, पेट्रोलवरची सात सीटर, 1,62,000 किलोमीटर झालेली. पुढच्या डाव्या शॉकअपमधून, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरमधून, तेल गळतंय, स्पीडब्रेकरवर खडखड होते, आणि गगनबावड्याकडच्या गावी जायचं म्हटलं की आईची कंबर नको म्हणते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गेल्या वर्षी, 2025 च्या गणपतीत, चारही बदलायला 19,800 सांगितले होते. उद्यमनगरातला मेकॅनिक गॅब्रिएल कंपनीचे चार नवे, माउंटिंग आणि चाकांच्या अलाइनमेंटसकट 12,400 मध्ये बसवतो म्हणतोय. जुनेच रिफिल करून 4,800, त्याला सहा महिन्यांची हमी. मेव्हण्यांचं मत वेगळंच: "दाजी, पावणेतीन लाख येतायत तोवर विका, नवी घ्या." आणि शेवटी, पैसे पिग्मी (पतसंस्थेतली रोज भरायची ठेव) मोडून काढू की कार्डावर हप्ते करू?

मेव्हण्यांचं आधी बघू. जुनीचे पावणेतीन लाख घालूनही नव्या सात सीटरला नऊ लाखांचं कर्ज लागेल असं तुम्ही लिहिलंय. नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 14,480 च्या आसपास बसतो आणि व्याजच सव्वातीन लाखांच्या घरात जातं. पहिल्याच हप्त्यात चारही शॉकअप बसून दोन हजार उरतात. आता हे गणित थोडं फसवं आहे, कारण जुन्या गाडीला शॉकअप हा एकच खर्च नसतो. म्हणून मेकॅनिककडून येत्या वर्षाची यादी घ्या: क्लच, टायर, बॅटरी, बुश, जे काही असेल ते. ती यादी लाखाच्या पुढे गेली तर मेव्हण्यांना चहाला बोलवा. तीस-चाळीस हजारांत आटोपत असेल तर गाडी ठेवा. इंजिन तेल खात नाही आणि बॉडीला गंज नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

ठेवायची तर किती दिवस? खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. तुमची 2029 मध्ये संपेल. पुढे फिटनेस दाखवून पाच वर्षं वाढवता येते, पण महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो आणि तोवर तुमची मुलगीही शिकून मोकळी झालेली असेल. मी तीन वर्षं धरतो. वर्षाला साडेतेरा हजार किलोमीटर तुमची गाडी पळते, म्हणजे अजून चाळीस हजार. उद्यमनगरातले नवे शॉकअप त्या हिशेबाने किलोमीटरला 31 पैसे पडतात. रिफिलवाले? हमीच्या सहा महिन्यांत पावणेसात हजार किलोमीटर होतील, म्हणजे 71 पैसे. स्वस्त वाटणारं काम दुपटीहून महाग. ते हमीपेक्षा जास्त टिकेलही, पण त्या आशेवर मी पैसे लावणार नाही. रिफिलमध्ये नळकांडं उघडून तेल भरतात आणि पुन्हा बंद करतात. आतला झिजलेला पिस्टन आणि ओरखडे पडलेला रॉड तसाच राहतो, आणि गॅसचा शॉकअप असेल तर नायट्रोजनचा दाब पहिल्यासारखा होत नाही. माझ्या जुन्या जीपला मी एकदा हा शहाणपणा केला होता. पावसाळा संपायच्या आत पुन्हा तेलाचे ओघळ, आणि काढा-घाला मजुरी दोनदा.

सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनवर मात्र तारीख बघा. ते गणपतीतलं आहे. त्यानंतर, 22 सप्टेंबर 2025 पासून, गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 19,800 पैकी पार्टचे 15,000 धरले तर तेवढ्यावर सुमारे 1,170 रुपये उतरायला हवेत. नवं कोटेशन मागा. तरीही किलोमीटरला 46 पैसे होतात. तीन वर्षांसाठी मी तो जादा पैसा घालणार नाही. गॅब्रिएल इंडिया 1961 पासूनची कंपनी, चाकणला कारखाना, गाड्यांच्या कंपन्यांनाच थेट माल देते. खोक्यावरच्या नावाचे जास्त पैसे कशाला? फक्त खोकं सीलबंद असावं, एमआरपी आणि तारीख छापलेली असावी आणि बिल पक्कं घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याला सांगा की एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. बिल नसेल तर शॉकअप लवकर गेल्यावर वॉरंटी मागायला जाणार कशाच्या जोरावर?

पण त्याआधी एक गोष्ट, आणि खरी बचत इथेच आहे. चारही गेलेत हे कुणी ठरवलं? गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी थांबवण्याचं. गाडीच्या एका कोपऱ्यावर वजन टाकून सोडा. एकदा वर येऊन जागेवर बसली तर तो शॉकअप काम करतोय, डोलत राहिली तर संपलाय. चारही कोपऱ्यांना करा. मग टायरवरून तळहात फिरवा. खळगे पडल्यासारखे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. तसं चालवलं तर ब्रेकचं अंतर वाढतं आणि वीसएक हजारांचे टायर अकाली जातात, म्हणून गळणारा शॉकअप पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. आणि तुमची ती खडखड: बऱ्याचदा शॉकअपची नसतेच. चाकाजवळचे दुसरेच जोड, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचं बुश किंवा स्ट्रटचं माउंटिंग वाजतं, आणि चार नवे शॉकअप टाकूनही आवाज तसाच राहिला की माणूस मेकॅनिकला शिव्या देतो. गाडी वर घेऊन पहारीने हलवून दाखवा म्हणावं.

डावा गळतोय म्हणून एकटा डावा बदलू नका. एकाच ॲक्सलवर एक कडक आणि एक मऊ झाला की घाटाच्या वळणात आणि ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही. पुढची जोडी माउंटिंग आणि बंप स्टॉपसकट (शॉकअप तळाला आपटू न देणारा ठोकळा) आत्ता बदला, मागची तपासणीत पास झाली तर राहू द्या. तुमच्याच कोटेशनवरून माझा अंदाज साडेसात ते आठ हजारांचा. मेकॅनिक म्हणेल एकदाच चारही करा, मजुरी वाचेल. मागच्या दोघांची मजुरी फार नसते. चालणारा माल भंगारात घालण्याएवढी तर नाहीच.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की गॅरेजमधला एकजण "क्लेममध्ये बसवून देतो" म्हणाला. तिकडे जाऊ नका. झीज विम्याच्या पॉलिसीत बसत नाही, म्हणजे त्यासाठी खोटा अपघात दाखवावा लागणार. त्यातून हाती काय येतं? दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 50 टक्के घसारा, रबरावर 50 टक्के, वर हजार रुपये तुमचे, आणि इतक्या वर्षांत जमवलेला नो क्लेम बोनस शून्यावर. उघडकीला आलं तर वेगळंच.

आता पैसे. रोज दोनशेची पिग्मी आठ महिने भरलीत, ती मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी आहे. मुदतीआधी मोडली तर बहुतेक पतसंस्था व्याज देत नाहीत किंवा बरंच कापतात. आठ हजारांसाठी अठ्ठेचाळीस हजारांना हात लावायचं कारण नाही. कार्डाच्या हप्त्यात व्याज, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. त्यापेक्षा दुकानातल्या माल खरेदीतले दोन आठवडे जरा आखडते घ्या आणि रोख द्या. काम झालं की त्याच एजंटाकडे गाडीच्या नावाने पन्नास रुपये रोजाची दुसरी पिग्मी उघडा. वर्षाला 18,250 होतात. टायर, बॅटरी आणि पॉलिसीचा हप्ता त्यातून भागेल, आणि मागची जोडी गेली तर तीही.

गाडी ताब्यात घेताना अलाइनमेंटचा छापील कागद मागा आणि काढलेले दोन्ही शॉकअप डिकीत टाकून घ्या. आईंना लगेच गगनबावड्याला नेऊ नका. आधी कळंब्यापर्यंत एक चक्कर मारून खडखड गेली का ऐका.