अडचणीच्या जागेतील व्हॉल्व्ह आणि ॲक्च्युएटर

प्रश्न : आमच्या कारखान्यात कूलिंग वॉटरच्या लाइनवर १५० मिलिमीटरचे आठ बटरफ्लाय व्हॉल्व्ह आहेत. आजवर ते लीव्हरने चालत असत. आता त्यांवर हवेवर चालणारे स्प्रिंग रिटर्न ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी यंत्रणा; हवा गेली की स्प्रिंग तिला मूळ जागी आणते) बसवायचे आहेत. व्हॉल्व्हच्या मध्यापासून भिंत २२० मिलिमीटरवर आहे आणि माथ्यावरून ३०० मिलिमीटर उंचीवर दुसरी लाइन जाते. निवडलेला ॲक्च्युएटर आडवा येतो, म्हणून पुरवठादार एक माप लहान घेण्यास सांगतो. तसे करावे का? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : करू नये, निदान एवढ्याच कारणासाठी तरी नाही. लहान ॲक्च्युएटर बसवल्याच्या दिवशी छान चालतो, कारण तेव्हा व्हॉल्व्हची रबरी सीट स्वच्छ असते आणि हवेचा दाबही पुरेसा असतो. तोच व्हॉल्व्ह दोन महिने बंद राहिला, डिस्कच्या कडेला क्षार बसले, की पहिल्या हालचालीला लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो आणि नेमका तेव्हाच तो अडकतो. समजा, आपल्या व्हॉल्व्हला १२० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो आणि पुरवठादार ५.५ बार दाबाला १६० न्यूटन-मीटर देणारा डबल ॲक्टिंग (दोन्ही दिशांना हवेनेच फिरणारा) ॲक्च्युएटर दाखवतो. कागदावर ३३ टक्के जादा ताकद दिसते. परंतु हेडरच्या (हवेच्या मुख्य पाइपच्या) शेवटच्या टोकाला, इतर यंत्रे चालू असताना, दाब ४ बारपर्यंत उतरत असेल, तर तोच ॲक्च्युएटर सुमारे ११६ न्यूटन-मीटर देईल आणि व्हॉल्व्ह जागचा हलणार नाही. म्हणून मोजपट्टी हातात घेण्याआधी त्या टोकाला प्रेशर गेज लावून गर्दीच्या वेळचा दाब लिहून घ्यावा. स्प्रिंग रिटर्नमध्ये हिशेब आणखी कडक असतो, कारण हवेला व्हॉल्व्हबरोबर स्प्रिंगलाही दाबावे लागते आणि परत येताना स्प्रिंगची ताकद स्ट्रोकच्या अखेरीस सर्वांत कमी असते. पुरवठादाराकडून हवेचे सुरुवातीचे व शेवटचे आणि स्प्रिंगचे सुरुवातीचे व शेवटचे असे चारही आकडे लेखी मागावेत.

आता जागेकडे वळू. रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दंतचक्राचा) ॲक्च्युएटर लांबट असतो, आणि स्प्रिंग रिटर्न तर त्याच टॉर्कच्या डबल ॲक्टिंगपेक्षा बराच मोठा. तो पाइपला काटकोनात बसवला तर एक टोक भिंतीला लागते; पाइपच्या रेषेत बसवला तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो. व्हॉल्व्हचा माथा आयएसओ ५२११ या जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असेल, म्हणजे उदाहरणार्थ एफ०७ फ्लँज, ७० मिलिमीटर पिच सर्कलवर (बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळावर) चार एम८ बोल्ट आणि डिस्क फिरवणारा चौकोनी दांडा, तर ॲक्च्युएटर ९० अंशांनी फिरवून बसवता येतो आणि त्यासाठी एक रुपयाही जादा लागत नाही. दांडा चावीचा किंवा दोन बाजूंनी सपाट असेल, तर मात्र योग्य इन्सर्ट (दांडा जुळवून बसवणारा मधला तुकडा) आधीच मागवावा लागतो.

फिरवताना सोलेनॉइड (ॲक्च्युएटरला हवा सोडणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह) कोणत्या बाजूला येतो, हे अवश्य पाहावे. एका ठिकाणी आम्ही सहा ॲक्च्युएटर मोठ्या समाधानाने पाइपच्या रेषेत बसवले, आणि पहिली कॉइल जळाली तेव्हा लक्षात आले की प्लगचा स्क्रू भिंतीकडे आहे. आमचा फिटर स्कूटरच्या फुटक्या आरशाचा तुकडा भिंतीला टेकवून, उलटे पाहत, तो स्क्रू काढत होता. बसवतानाच ॲक्च्युएटर १८० अंशांनी फिरवला असता, तर हा खेळ करावा लागला नसता. त्या दिवसापासून मी आधी पुठ्ठ्याचा खोका ॲक्च्युएटरच्या मापाने कापून, त्यावर सोलेनॉइड आणि स्विच बॉक्सचेही (व्हॉल्व्ह उघडा की बंद हे कळवणाऱ्या डबीचेही) खोके चिकटवून, जागेवर धरून पाहतो. खोका बसला एवढ्याने भागत नाही. तो चौकोनी दांड्यावरून वर उचलून बाहेर काढता आला पाहिजे, शिवाय स्विच बॉक्सचे झाकण उघडता आले पाहिजे. आपल्या ३०० मिलिमीटरमधील बराचसा भाग ॲक्च्युएटर आणि स्विच बॉक्सच खाऊन टाकतील. तेथे स्विच बॉक्सऐवजी चपटा प्रॉक्सिमिटी सेन्सर वापरावा.

तरीही उंची कमी पडली, तर पुढच्या शटडाउनमध्ये व्हॉल्व्हच फ्लँजमध्ये फिरवून दांडा आडवा करावा. सहा इंची (म्हणजे १५० मिलिमीटरच्या), क्लास १५० या दाबश्रेणीच्या फ्लँजला आठ बोल्ट असतात, त्यामुळे लग टाइप (कडेला बोल्टची भोके असलेला) व्हॉल्व्हही ४५ अंशांच्या टप्प्यांनी फिरवता येतो. गाळाच्या पाण्यासाठी हे मुळातच बरे, कारण उभ्या दांड्याच्या खालच्या बेअरिंगपाशी गाळ साचतो. फक्त जड ॲक्च्युएटरचे वजन व्हॉल्व्हच्या मानेवर लोंबकळत राहू नये, यासाठी खालून आधार द्यावा.

आणि एक उलट प्रश्न : आठही व्हॉल्व्हना स्प्रिंग खरोखर हवी आहे का? हवा गेल्यावर कूलिंग वॉटर चालू राहणे ज्या ठिकाणी अत्यावश्यक आहे, तेथे स्प्रिंग ठेवावी आणि ऑर्डरमध्ये ‘हवा गेल्यास उघडा’ असे स्पष्ट लिहावे. उरलेल्या ठिकाणी डबल ॲक्टिंग पुरेल.

प्रश्न : दांडा लांबवून ॲक्च्युएटर वरच्या मोकळ्या जागेत आणावा आणि ब्रॅकेट भिंतीला पक्के करावे, असा विचार आहे. योग्य आहे का? (दुसरे एक वाचक)

उत्तर : दांडा लांबवणे चालेल, भिंत नको. दहा मीटर लांबीचा पोलादी पाइप ३० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो, आणि भिंत जागची हलत नाही. ते अंतर दांडा तिरका होऊन सोसतो. मग पॅकिंग (दांड्याभोवतीचे गळती रोखणारे भरण) एका बाजूने घासते आणि काही दिवसांत ग्लँडमधून (पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून) थेंब पडू लागतात. ब्रॅकेट केवळ व्हॉल्व्हच्या माथ्यावरच उभे करावे, ते जाड पत्र्याचे असावे आणि कपलिंगमध्ये ढिलाई नसावी. बसवल्यावर बोल्ट अर्धवट आवळून व्हॉल्व्ह दोन-चार वेळा हवेवर चालवावा, म्हणजे ॲक्च्युएटर आपला मध्य शोधतो, आणि मगच बोल्ट पूर्ण आवळावेत.