व्हीलचेअर मिळाली, पण पोराच्या मापाची नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, बसताना तोल सांभाळता येत नाही. दीड वर्षापूर्वी शिबिरात व्हीलचेअर मिळाली पण ती मोठ्या माणसाची, त्यात तो एका बाजूला कलंडतो, पाय लोंबकळतात, रडतो. मग मीच कडेवर घेऊन फिरते, आता कंबर गेलीय. दुसरी मागितली तर म्हणाले तीन वर्षं मिळणार नाही.
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर: ताई, तीन वर्षांची अट मोठ्यांना. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत १२ वर्षांच्या आतल्या मुलांना एका वर्षानंतर परत साधन मागता येतं, पोरं वाढतात म्हणूनच ती सवलत ठेवलीय. तेव्हा बिनधास्त परत अर्ज करा, पण लेखी करा आणि पोच घ्या. किमान ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला लागेल.

आणि अर्जात नुसतं व्हीलचेअर लिहू नका, सीपी चेअर लिहा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खास खुर्ची. कानपूरची अलिम्को कंपनी बनवते, दोन्ही बाजूंनी आधार, छातीला पट्टा, पुढे ट्रे असतो. मापं फिजिओथेरपिस्टकडून घ्या, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात विचारा. खुर्ची आली की सही करायच्या आधी पोराला बसवून बघा, ढुंगण मागे टेकलंय का, गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहते का, तळवे पूर्ण टेकलेत का. नीट सरळ बसला तर हात मोकळे होतात, जेवताना ठसका कमी लागतो, हे सगळ्यात महत्त्वाचं.

तोवर आहे त्याच खुर्चीत झोळ पडलेल्या सीटवर फळी आणि वर पातळ गादी टाका, दोन्ही कुशींना गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या लावा, पायाखाली पाट ठेवा, पट्टा बांधा. एकदा फिजिओला दाखवून घ्या म्हणजे झालं.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, तो कुठे खर्च झाला ते ग्रामसभेत विचारा, तुमचा हक्क आहे तो. शिवाय नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपीचाही खर्च येतो आणि आधी मेडिकल तपासणी लागत नाही, तिचा फॉर्म ह्याच महिन्यात भरून टाका.