मुलाचं वर्ष वाया जाईल का?

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. दिवाळीपासून शाळेत गेलेला नाही. गांजा ओढतो हे उशिरा कळलं. मागच्या आठवड्यात वडिलांवर हात उचलला. डॉक्टर निवासी उपचार सुचवतात; मिस्टर म्हणतात, बोर्ड होऊ दे, मग बघू. एका केंद्रात सांगितलं, पुस्तकं आणूच नका. दुसरीकडे म्हणाले, दहा तास अभ्यास करून घेऊ, पण फोन आणि भेट बंद. तसा तो हुशार आहे, फक्त गणिताचा तास असला की सहावीपासून पोटात दुखायचं. काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, शेवटी जाता जाता लिहिलेली ती पोटदुखी मला या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. डॉक्टरांना ती आधी सांगा आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं का याची, तपासणी करून घ्या. तसं निघालं आणि प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. कितीतरी मुलांना आठवी-नववीपर्यंत नुसतं ‘आळशी’ म्हणून बोलणी खावी लागतात.

बोर्डासाठी मात्र थांबू नका. घरात मारामारीपर्यंत गोष्ट आली आहे.

दोन्ही केंद्रांचं म्हणणं मला पटलेलं नाही. पुस्तकं पूर्ण बंद केली तर परत शाळेत जायची धास्ती रोज वाढत जाते, आणि दहा तास अभ्यासाला जुंपलं तर उपचार कधी करणार? शाळा ही उपचाराचाच भाग हवी. सुरुवातीला दिवसातून तास-दीड तास पुरे. दोन-तीन मुलं, एक शिक्षक. तिसऱ्या उदाहरणाला मुलाने पेन भिरकावलं, तर शिक्षकाने ते वहीत टिपायचं आणि दुपारी समुपदेशकाने तिथूनच बोलायला सुरुवात करायची : त्या क्षणी काय वाटलं, पूर्वी असं कधी झालं होतं? राग, लाज, पळून जावंसं वाटणं, सगळं त्या वहीपाशी वर येतं. म्हणून केंद्र बघायला जाल तेव्हा एवढंच विचारा, ‘तुमचे शिक्षक आणि समुपदेशक आठवड्यातून किती वेळा एकत्र बसतात?’ उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

भेट बंद म्हणणाऱ्या ठिकाणी तर पाऊलही टाकू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि दाखल असेपर्यंत त्याच्यासोबत पालक किंवा घरचं माणूस राहावं लागतं. केंद्र नोंदणीकृत आहे का, तेही बघा. सोबत कोण राहणार हे मिस्टरांशी आत्ताच ठरवा. आळीपाळीने राहिलात तर बरं, कारण वडील-मुलाचं बिनसलंय तेही तिथेच बोलायचं आहे.

शाळेचा दाखला घाईघाईने काढू नका. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या, हजेरीबद्दल बोला, आणि वर्गशिक्षकांकडून थोडा थोडा अभ्यास केंद्रात पाठवायची सोय करा. यंदा नाहीच जमलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस आहे. 14 वर्षं पूर्ण असली की दहावीला नाव घालता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत एकेक विषय सोडवता येतो.

दाखल होईपर्यंत रात्री-अपरात्री हाताबाहेर गेलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. तपासणीचं काय झालं, ते मला जरूर कळवा.