ट्रिगर करकरतोय? पॉलिश पेपर जरा बाजूला ठेवा

प्रश्न: माझ्याकडे २२ बोअरची जुनी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, फक्त टार्गेटसाठी वापरतो. ट्रिगर दाबताना मधेच करकर लागते, वाळूतून काहीतरी ओढल्यासारखं, आणि मग एकदम सुटतो. सोबत नेमबाजी करणारा एकजण म्हणाला की ट्रिगर खोल, सिअरवर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) बारीक पॉलिश पेपर मार, दहा मिनिटांचं काम आहे. मारू का? आणि किती नंबरचा?

उत्तर: पेपर मारा, पण सिअर सोडून. हा दहा मिनिटांचा सल्ला देणारा माणूस प्रत्येक ठिकाणी एक तरी असतोच आणि खरं सांगायचं तर एकेकाळी तो मीच होतो. सिअरची कडा मी कापडी चाकावर अशी चकचकीत केली की आरसा झाला, ट्रिगर लोण्यासारखा झाला, मित्रांना दाखवून झालं, आणि तिसऱ्या दिवशी बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, जरा जोरात बंद केला तर ट्रिगरला बोट न लावता टक् करून सुटला. रायफल रिकामी होती म्हणून आज हे लिहितोय.

झालं काय होतं ते समजून घ्या. कॉक केल्यावर, म्हणजे रायफल झाडायला तयार केल्यावर, पिन पुढे ढकलणाऱ्या मेन स्प्रिंगचा सगळा जोर सिअरच्या एका कडेवर अडवलेला असतो, आणि दोन भाग एकमेकांना जिथे धरून असतात ती पकड बऱ्याच ट्रिगरमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. कापडी चाक कडा गोल करतं, कोन बदलतो आणि धरायला काही उरत नाही. शिवाय कित्येक ट्रिगरमध्ये या भागांना फक्त वरून पाणी दिलेलं असतं, म्हणजे कडक थर पातळ आणि आत मऊ पोलाद. तो थर घासून गेला की आज छान वाटणारा ट्रिगर थोड्याच दिवसांत झिजतो, आणि मग तो भाग बदलण्याशिवाय इलाज नाही.

एवढ्याशा गोष्टीने खरंच फरक पडतो का, असं वाटत असेल तर २०१४ मधली रेमिंग्टनची गोष्ट आठवा. मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली त्यांनी परत मागवल्या, का, तर काही एक्स-मार्क प्रो ट्रिगरमध्ये जोडणीच्या वेळी चिकटवायचा पदार्थ जरा जास्त लागला होता आणि त्याने रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. कारखान्यात ही गत, तर आपण टेबलावर बसून काय करणार.

आता तुमची करकर. जुन्या रायफलीत ती बहुतेक वेळा धातूची नसतेच, वाळून लाखेसारखं चिकट झालेलं तेल आणि त्यात बसलेली धूळ असते. म्हणून आधी फक्त साफसफाई करा. बोल्ट बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोटाने चाचपून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ट्रिगरचा अख्खा सेट लाकडी दस्त्यातून मोकळा करा, रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, प्लास्टिकचे भाग असतील तर ते लांब ठेवा, आणि नीट वाळवा. मग पिनांवर सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकेक थेंब आणि सिअरच्या पकडीवर मॉलिब्डेनम ग्रीसचा ठिपका, बस. कोरड्या पोलादावर पोलाद घासताना घर्षणांक ०.५ च्या आसपास किंवा वर असतो, ग्रीस असलं की तो ०.१ ते ०.१५ पर्यंत उतरतो, म्हणजे पेपर न मारताच केवढा फरक बघा. बरेचदा काम इथेच संपतं.

एवढ्यावर गेली नाही तर मात्र खोला, प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत, आणि स्प्रिंग निघायच्या वेळी हात पारदर्शक पिशवीत घालून, नाहीतर अर्धा दिवस कपाटाखाली टॉर्च मारत बसाल. लाख किंवा रंग लावून बंद केलेल्या स्क्रूला हात लावू नका, ते कारखान्यात सेट केलेले असतात. आता भागांच्या बाजूंना मार्कर फासा, परत जोडा, वीस-तीस वेळा चालवा आणि उघडून बघा, रंग जिथून गेला तिथेच घासतंय. ती जागा सिअरची पकड नसेल, म्हणजे लिव्हरची बाजू किंवा ट्रिगर बसवलेल्या डबीची आतली भिंत असेल, तरच पेपर. १००० नंबरचा, मग २०००, तेल लावून, सपाट भागासाठी काचेवर चिकटवून, आणि भाग ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने. उभे राहिलेले कंगोरे गेले की थांबायचं. पिनांना पेपरसुद्धा नको, नुसती धातू पॉलिशची पेस्ट आणि कापड, कारण पिन बारीक झाली की भोकात हलायला लागते आणि सिअरची जागाच सरकते. शेवटी पेस्टचा कण न कण धुवा, तीच पुढे घासत राहते.

जोडून झाल्यावर चेंबरमध्ये डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस घाला, नाहीतर रिमफायरची (काडतुसाच्या काठावर ठोका मारणाऱ्या रायफलीची) पिन चेंबरच्या काठावर आदळते. कॉक करून बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा, दस्ता रबरी मॅटवर आपटा, अ‍ॅक्शनवर रबरी हातोडीने टकटक करा. मग सेफ्टी लावून ट्रिगर चांगला जोरात ओढा, सोडा, आणि ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. यात एकदा जरी सुटला तरी ती रायफल बंद, थेट गनस्मिथकडे. परवाना नियमांत ट्रिगरमध्ये फेरफार चालतो का, तेही खोलायच्या आधी बघून घ्या.

प्रश्न: ट्रिगर गुळगुळीत झाला, पण अजून जड वाटतो. स्प्रिंगची दोन वेटोळी कापली तर चालेल का?

उत्तर: नको हो. ती स्प्रिंग नुसतं वजन देत नाही, ट्रिगर आणि सिअर परत जागेवर आणायचं कामही तीच करते. कमजोर झाली तर सिअर कधीतरी अर्ध्यावरच राहतो. आधी वजन मोजा, नळी उभी धरून ट्रिगरच्या मधोमध वजन टांगायचं, पाच वेळा, आणि सरासरी काढायची. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात १० मीटर एअर पिस्तूलला कमीत कमी ५०० ग्रॅम लागतात, २५ मीटर पिस्तूलला १००० आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५००, तेव्हा तुमचा आकडा दीड किलोच्या आसपास असेल तर सरावाने जमेल. अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू असेल तर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढाच फिरवा आणि वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून करा, हो, सेफ्टीचीसुद्धा.