आधी त्याच्या खेळात जाऊन बस

प्रिय,

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांबरोबर खेळातून काम करायला केंद्रात रुजू झालीस, बरं वाटलं. खेळण्यांची यादी पाठवून तू विचारलं आहेस की यातलं आधी काय घ्यायचं. माझं ऐकशील तर पहिल्या आठवड्यात काहीच घेऊ नकोस. मूल कशाशी खेळतं, किती वेळ, कुठे बसून, आणि कोणता आवाज झाला की कानावर हात ठेवतं, एवढंच बघ.

समजा, एखादा मुलगा डब्याचं झाकण फिरवत बसला आहे. तुला वाटेल, झाकण काढून घ्यावं, हातात गाडी द्यावी आणि 'घुर्रर्र, गाडी चालली' म्हणावं. तसं करू नकोस. दुसरं झाकण घे, समोर न बसता त्याच्या जरा बाजूला बस आणि तूही फिरव. काही दिवस तो ढुंकूनही बघणार नाही. मग कधीतरी तुझं झाकण घरंगळत लांब जाईल आणि त्याची नजर त्याच्या मागे जाईल. तुझं काम तिथून सुरू होतं. झाकण परत आणताना मुद्दाम थोडं रेंगाळ. तो हात पुढे करतो का, तुझ्याकडे बघतो का, ते पाह्यचं.

हे सगळं कशासाठी, ते नीट समजून घे, म्हणजे घाई होणार नाही. वर्षाच्या आसपासचं बाळ चिमणीकडे बोट दाखवतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं. 'तूही बघ ना' असं ते न बोलता म्हणत असतं. बोलण्याची मुळं बरीचशी तिथे असतात. स्वमग्न मुलांमध्ये हे उशिरा येतं, कमी दिसतं किंवा आपल्या ओळखीच्या रूपात दिसत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉनी कसारी यांनी 'जॅस्पर' पद्धत उभी केली, ती याच सामायिक लक्षावर आणि खेळाच्या पायऱ्यांवर. स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांचा 'फ्लोअरटाइम' तर नावातच सांगतो की मोठ्यांनी जमिनीवर उतरायचं आणि मुलाच्या मागे जायचं.

इथे एक घोळ होतो. प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, म्हटलं की अभ्यासक्रमात शिकलेली मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन आठवते, तिचं १९४७ सालचं पुस्तक आठवतं. मुलाने खोलीत मोकळेपणी खेळायचं, आपण दिशा द्यायची नाही, खेळातून त्याच्या मनातलं बाहेर येतं. मुलाचा मान राखायचा ही तिची शिकवण सोडू नकोस. पण ज्या मुलाला बाहुलीला 'जेवू घालण्यात' रसच नाही, त्याच्यापुढे बाहुल्यांचं घर मांडून भावना बाहेर येण्याची वाट बघत बसलीस, तर तास नुसता जाईल. तेव्हा पालकांनी विचारलं तर आपण यातलं नेमकं काय करतो ते स्पष्ट सांग. या सगळ्या पद्धतींना प्ले थेरपीच म्हणतात, म्हणून विचारणाऱ्याचा गोंधळ होतो.

महागड्या खेळण्यांचा सोस नको. बुवा-कुक, आपडी थापडी, पाठीवर घेऊन घोडा-घोडा यांत खेळणं तूच असतेस, म्हणून मुलाला तुझ्याकडे यावं लागतं. सगळी गोम थांबण्यात आहे. तीन-चारदा अगदी तसंच कर, त्याच चालीत, आणि ऐन मजेच्या जागी थांब. मनात दहा मोज. त्याने तुझा हात ओढला, अंग पुढे झुकवलं, नुसतं 'उं' केलं, तरी ते 'आणखी' आहे. ताबडतोब दे. आपल्याला थांबवत नाही. जीभ वळवळते, 'बोल ना, आणखी म्हण, हा कोणता रंग?' ही तोंडी परीक्षा झाली, खेळ नव्हे.

हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. नजरेला नजर देणं त्रासाचं होतं, असं कितीतरी प्रौढ स्वमग्न माणसांनी सांगितलं आहे. गाड्या ओळीत लावणं, हात फडफडवणं हेही मोडून काढायचं लक्ष्य धरू नकोस. त्यात त्याला आनंद असतो, कधी आधार. स्वतःला इजा करून घेत असेल, तर मात्र तो प्रश्न वेगळा. तेव्हा एकटीने काही ठरवू नकोस, वरिष्ठांना लगेच बोलाव.

आता आईबद्दल. तुझ्याकडे मूल आठवड्यातून दोनदा पाऊण तास येणार, बाकी सगळा वेळ घरी. त्यामुळे खरी खेळगडी आईच, किंवा बाबा, किंवा आजी. याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर 'पास' नावाचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळाचे व्हिडिओ घेतले आणि पालकांबरोबर बसून पाहिले. पालक मुलाच्या खुणांना जास्त जुळवून घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र उलट कमी भरला. तेव्हा छातीठोक दावे करणाऱ्यांपासून लांब राहा.

व्हिडिओची युक्ती तूही वापर, आईच्याच फोनवर. आधी तिला ते वीस सेकंद दाखव जिथे ती थांबली आणि मूल वळलं. चुका पहिल्यांदा दाखवू नकोस. या बायका आधीच खूप ऐकून आलेल्या असतात. एके काळी मोठमोठे तज्ज्ञसुद्धा आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं म्हणायचे. ते कधीच खोटं ठरलं, पण आपल्याकडे अजून 'तूच मोबाइल दिलास' चालूच आहे.

'बरा होईल का?' हे ती विचारणारच. हा आजार नाही, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्न नाही, हे हळुवार पण सरळ सांग. खेळामुळे त्याला त्याचं म्हणणं पोचवायला आणि तिला ते ओळखायला सोपं जाऊ शकतं. स्पीच थेरपी आणि ओटी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली ऑक्युपेशनल थेरपी) लागत असेल तर तेही चालू राहू दे.

नोंदवहीत 'आय कॉन्टॅक्ट सुधारला' असलं मोघम लिहू नकोस. स्वतःहून कितीदा आला, कशासाठी आला, तू थांबलीस तेव्हा काय केलं, तेवढं लिही. महिनाअखेरीस मुलाचं नाव काढून नोंदी मला पाठव. व्हिडिओ पाठवू नकोस, पालकांनी परवानगी तुला दिली आहे, मला नाही.

तुझी,
ताई