कॅफे पारखायचं तर आधी एस्प्रेसो मागव

भावा, कोल्हापुरात राजारामपुरीत बस नाहीतर ताराबाई पार्कात, साखळी कॅफेंची तुलना करायची तर सगळीकडे एकच गोष्ट मागव: बिनसाखरेची एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली छोटी, कडक कॉफी. कोल्ड कॉफीत बर्फ, सिरप आणि आइस्क्रीम मिळून सगळे दोष झाकतात.

काउंटरजवळ उभा राहा. डबल शॉटला, म्हणजे एस्प्रेसोच्या दुहेरी मापाला, साधारण 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी. 15 सेकंदांतच धार फिकट पिवळी पडली तर दळण जाडं, चव आंबट-पाणचट. थेंबथेंब गळत 40 च्या पुढे गेली तर दळण जास्तच बारीक, म्हणजे कडूजहर.

मग कॅपुचिनो, म्हणजे एस्प्रेसोवर वाफेने फेसाळलेलं दूध. दूध 60 ते 65 अंशांवर थांबायला हवं. 70 च्या वर गोडवा जातो. वाफेच्या नळीवर वाळलेल्या दुधाचा थर दिसला की समजून जा, साफसफाई होत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाची सवय असेल तर कॅफेचं दूध पातळच लागणार, तो त्यांचा दोष धरू नकोस.

बैठक रविवारी संध्याकाळी तपास, दुपारी सगळीच ऐसपैस वाटतात. सोफ्याला भुलू नको. लॅपटॉपला कोपराच्या उंचीचं टेबल लागतं, शेजारी प्लग, आणि ग्राइंडर लांब. बिलावर जीएसटी लागतोच, सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो.