चान्सेनकार्टेआधीचे सहा महिने: कुठले ऑनलाइन कोर्स करू?

तू 'ताई' म्हणालास म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं म्हणणं असं: कॉम्प्युटरची बी.ई., नाशकात चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग, वय 29, सहा महिन्यांनी जर्मनीच्या चान्सेनकार्टेसाठी, म्हणजे तिथे येऊन नोकरी शोधायच्या परवान्यासाठी, अर्ज. तोवर कुठले कोर्स करून सर्टिफिकेटं जमवू?

सर्टिफिकेटं जमवूच नकोस. जून 2024पासून सुरू झालेल्या या कार्डाला 6 गुण लागतात आणि ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटाला त्यात काही मोल नाही. वयाचे 2 आणि अनुभवाचे 2 तुझ्याकडे आहेत. उरलेले 2 जर्मन भाषेच्या बी-1 पातळीने मिळतात, आणि इथे जर्मनीत आल्यावर रोज उपयोगाला तेच येतं. परीक्षा पुण्याच्या मॅक्समुलर भवनात देता येईल. सहा महिन्यांत बी-1 म्हणजे दमछाक आहे, तेव्हा सुरुवात याच आठवड्यात.

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा भाषेचा कोर्स फुकट आहे. विमानतळावर बॅग हरवलेल्या निकोचे छोटे व्हिडिओ आणि प्रत्येकाखाली सराव. कान तयार होतो, पण तिथे बरंचसं निवडून टिचकी मारायचं असतं. म्हणून जोडीला फोल्क्सहोखशूलेचं (इथल्या प्रौढशिक्षण केंद्रांचं) लर्नपोर्टल घे, तेही फुकट. तिथे चार ओळी स्वतः लिहायच्या आणि खरा माणूस तपासून देतो. मी लिहिलं होतं 'इश बिन काल्ट', सरळ इंग्रजीवरून उचललेलं. उत्तर आलं: याचा अर्थ 'मी थंड स्वभावाची आहे' असा होतो, 'मिअर इस्ट काल्ट' लिहा. म्हणजे आपलं 'मला थंडी वाजते'! तेव्हापासून वाक्य अडलं की आधी मराठीत जुळवून बघते, बऱ्याचदा कोडं सुटतं.

आता कामाचं. मी निघण्याआधी एका साइटवर गिटचे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचे) सगळे धडे हिरवे केले होते. पहिल्याच मुलाखतीत त्यांनी स्क्रीन शेअर करायला लावून एक मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करतानाची टक्कर, सोडवायला दिला. दोघांनी एकच ओळ बदललेली, मध्ये ते बाणांचे आणि बरोबरच्या चिन्हांचे पट्टे. मी चक्क 'हिंट'चं बटण शोधत बसले. ती नोकरी मिळाली नाहीच.

त्यामुळे माझं मत: ब्राउझरमधल्या रिकाम्या जागा भरणं पहिल्या पंधरवड्यापुरतं ठीक. 'लर्न गिट ब्रँचिंग' त्यासाठी झकास आहे, कमांड टाइप केली की बदल दाखवणारी वर्तुळं डोळ्यांसमोर सरकतात. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेला एसक्यूएलबोल्ट ही साइट पुरे. त्यानंतर मात्र एक्सरसिझम या कोडिंग-सरावाच्या साइटवर जा आणि पायथन घे. सराव स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायचा, टेस्ट चालवायच्या, त्या लाल दिसणार, मग कोड लिहून हिरव्या करायच्या. तू टेस्टर, ही भाषा तुझीच आहे. सोडवून झालं की मेंटॉर माग. कुणीतरी अनुभवी माणूस तुझा कोड वाचून शेरे देतो, पैसे न घेता. शेऱ्यांना उत्तरं दे, वाद घाल. इथल्या मुलाखतीत 'हे असंच का केलं?' हे फार विचारतात.

मग प्लेराइट (ब्राउझरमधल्या टेस्ट आपोआप चालवणारं साधन) शिकून एखाद्या सराव-साइटसाठी वीसेक टेस्ट लिही आणि गिटहबवर टाक. कंपनीच्या प्रोजेक्टमधलं काही टाकू नकोस, महागात पडेल.

आणि तुझं कॉलेज अनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्या-कॉलेजांच्या जर्मन यादीत, आजच शोध. तिथे अडलं तर झेडएबी या जर्मन सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं; त्याला पैसेही लागतात आणि वेळही.